मंगळवारची सकाळ कोणाकडे असते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय 62, निवृत्त होऊन सात महिने झाले. नोकरीत मोठ्या विभागाची जबाबदारी होती. निवृत्तीच्या आधीच दुर्बीण, कॅमेरा, डोंगरात चालायचे बूट अशी सगळी तयारी करून ठेवली होती. पहिले दोन महिने झकास गेले. आता कॅमेरा कपाटात आहे, दुर्बीण ‘धूसर दिसते’ म्हणून बाजूला पडली आहे, रोज दहा हजार पावलं पुरी करता करता उजवा गुडघा बोलायला लागलाय, आणि जवळच्या तळ्याची देखभाल करणाऱ्या गटात गेलात तिथे दुसऱ्याच बैठकीत वातावरण गार झालं. त्यात पत्नी म्हणते, ‘काहीतरी छंद लावून घ्या, दिवसभर माझ्या मागे मागे फिरू नका.’ म्हणून तुम्ही विचारताय, कोणता छंद घेऊ?

मी हिशेब विभागातून निवृत्त झाले त्याला तेरा वर्षं झाली. त्यातली दहा वर्षं निवृत्तांच्या चालण्याच्या आणि पक्षी मोजण्याच्या एका गटाचं काम बघते. उत्साहाने सामानसुमान घेऊन आलेले आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसेनासे झालेले बरेच जण या काळात पाहिले. पहिल्या वर्षी मीसुद्धा त्यांच्यातच जमा होते, त्यामुळे हे वरून बोलणं नाही.

छंद तुमच्याकडे तीन आहेत, तेही सामानासकट. चौथा आणलात तर त्यालाही कपाटात जागा करावी लागेल. नोकरी असताना छंद रविवारी असायचा, आणि त्याची निम्मी गोडी आधीच्या सहा दिवसांनी आणलेली असायची. आता सातही वार सारखेच. विरंगुळा म्हणून जे गोड लागत होतं, त्याच्यावर अख्ख्या आठवड्याचा भार टाकला की ते वाकतं. तुमचंही तेच झालंय, असं मला वाटतं. कॅमेऱ्यात काही बिघाड नाही आणि तुमच्यातही नाही.

पुढचं सांगण्याआधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलून घेते. गुडघा सुजतो का, मध्येच अडकतो का, उतरताना एकदम दगा देतो का? यातलं एकही ‘हो’ असेल तर आधी डॉक्टर, मग माझं उत्तर. चालताना छाती आवळल्यासारखी होत असेल तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी तपासून घ्यायचं. घरात कोणाची शुश्रूषा तुमच्याकडे असेल तर खाली मी सांगतेय तेवढा ठरावीक वेळ मिळणार नाही; मग निम्म्याने सुरुवात करा. आणि एक जरा नाजूक गोष्ट. दोन-तीन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, झोप बिघडली असेल, पूर्वी आवडणारी माणसंही नकोशी वाटत असतील, तर तो छंदाचा प्रश्न राहत नाही. ते दुखणं आहे, त्यावर उपचार आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या लिहिण्यात मला तसं दिसलं नाही. दिसला तो वैताग, आणि वैतागलेल्या माणसात अजून धग असते.

आता दहा हजार पावलांबद्दल. हा आकडा कुठून आला माहीत आहे? टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये, जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. लक्षात राहायला सोपा, गोल, विकायला बरा आकडा. पुढे तो जगभर नियमासारखा पसरला. 2019 मध्ये सरासरी 72 वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फरक वाढायचा थांबत होता. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, कारण जी आधीच धडधाकट असते ती जास्त चालते. पण दहा हजारांच्या खाली राहिलं की सगळं वाया गेलं, ही भीती मात्र निराधार आहे एवढं कळतं. रात्री साडेनऊला दिवाणखान्यात फेऱ्या मारून उरलेली सातशे पावलं भरून काढणारे माझ्या ओळखीत आहेत. तुम्हीही करत असाल तर आजपासून बंद करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगितली आहे. तेवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचं कोणी वाचत नाही. स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस, आणि 65 च्या पुढच्यांनी तोल आणि ताकद यांवर भर देणारी हालचाल किमान तीन दिवस. तुम्ही अजून 62 चे आहात, पण वाट कशाला बघायची? आमच्या गटात जे पडले ते दम कमी पडल्यामुळे नाही पडले. वळून मागच्याशी बोलताना, ओल्या दगडावर, कुंपण ओलांडताना पडले. तोल गेला. म्हणून आम्ही निघण्याआधी भिंतीला किंवा झाडाला हात लावून एका पायावर उभं राहतो, मग हात सोडून, मग दुसरा पाय. त्यानंतर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं. हे घरी रोज करा, सहा-सात मिनिटांचं काम आहे.

गुडघा बहुतेक उतारावर जास्त दुखत असणार. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो, पण सांध्याला मार उतारावर बसतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीर धरून ठेवत असतात, आणि ते थकले की धक्का सरळ गुडघ्यात जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात तेही त्यामुळेच. उपाय साधे आहेत. पावलं आखूड टाका, दोन काठ्या घ्या (एक नव्हे, दोन), आणि उतारासाठी चढाएवढाच वेळ राखून ठेवा. वेग किती असावा, याला घड्याळातल्या नाडीच्या आकड्यापेक्षा जुनी कसोटी बरी: बोलता यायला हवं, गाता येऊ नये. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी मुळातच दाबलेली राहते, मग घड्याळावर विसंबणं आणखीच फसवं. आणि वयाबरोबर तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न बघता पाणी प्या.

शरीराचं एवढं पुरे. मला खरं बोलायचंय ते मंगळवारबद्दल.

निवृत्त माणसाकडे वेळ असतो असं सगळे म्हणतात. वेळ तसा उनाड पोरांकडेही असतो. आपल्याकडे जे आहे आणि नोकरी करणाऱ्या माणसाकडे कितीही पैसा असला तरी नाही, ते म्हणजे मंगळवारची सकाळ. आणि ती पुढच्या आठवड्यातही, त्याच्या पुढच्याही. हे मला पक्ष्यांनी शिकवलं. खरं तर पक्ष्यांच्या हिशेबाने.

लोकांनी केलेल्या निसर्गनोंदी आज संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीप्रयोगशाळा आणि पक्षीसंरक्षणाचं काम करणारी ऑडुबॉन सोसायटी यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या ई-बर्ड या संकेतस्थळावर जगभरातून दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या जातात. पण या नोंदींना एक खोड आहे. त्या शनिवार-रविवारी जास्त होतात, आणि जिथे गाडी सहज जाते तिथे जास्त होतात. लोक नवा, दुर्मिळ पक्षी बघायला लांब जातात. घराजवळच्या साध्या तळ्यावर दर आठवड्याला, त्याच वेळी, काही विशेष दिसो न दिसो, जाणारं माणूस क्वचित सापडतं. ज्याला ते जमतं त्याची वही पाच वर्षांनी सोन्याची होते. नेहमीचा पक्षी कमी होतोय का, स्थलांतर करून येणारे आधीपेक्षा लवकर येतायत का, हे लांबच्या सहलींतल्या फोटोंवरून कळत नाही.

याचं जुनं उदाहरण आहे. अमेरिकेत नाताळात कोण जास्त पक्षी-प्राणी मारतो अशी शिकारीची चढाओढ व्हायची. 1900 साली फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने सुचवलं की मारण्याऐवजी मोजूया. पहिल्या वर्षी 27 माणसं आणि 25 ठिकाणं, एवढाच पसारा. त्या एका दिवसाच्या आकड्यांना तेव्हा काय किंमत असणार? पण मोजणी पुढच्या वर्षी झाली, त्याच्या पुढच्याही, आणि शंभरांहून जास्त वर्षं होत राहिली. पुन्हा पुन्हा केल्यामुळेच ती मोलाची झाली.

मी हिशेबातली असल्यामुळे मला आणखी एक गोष्ट फार भावली. ई-बर्डवर यादी भरताना शेवटी विचारतात: तुम्हाला ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का? किती मिनिटं होतात, किती अंतर चाललात, किती जण होतात, हेही लिहायचं. मला आधी वाटलं, ही काय कारकुनी! मग लक्षात आलं की यादी पूर्ण असेल तरच ‘हा पक्षी दिसला नाही’ या गोष्टीला अर्थ येतो. फक्त आवडलेले पक्षी लिहिले तर न लिहिलेल्यांचं काय झालं, ते कधीच कळणार नाही. म्हणजे रोकड मोजताना फक्त मोठ्या नोटा मोजल्यासारखं. ज्या दिवशी तळ्यावर दोन कावळे आणि एक बगळा एवढंच असतं, त्या दिवसाची नोंदही तितकीच हवी. कंटाळवाण्या दिवसाला किंमत असलेलं काम निवृत्तीनंतर सापडणं हे मला भाग्य वाटतं. कंटाळवाणे दिवस आपल्याकडे भरपूर असतात.

म्हणून माझा सल्ला असा. लांबचे बेत सहा महिने बाजूला ठेवा. तळं जवळ आहे, तेच तुमचं. आठवड्यातला एक वार, शक्यतो सुट्टीचा नसलेला, आणि एक वेळ ठरवा. तीच वाट, पाऊण तास. वही आणि पेन्सिल (पावसात शाईची वाट लागते). पहिल्या महिन्यात दहा पक्षी ओळखता आले तरी खूप झालं. पक्ष्यांत रस नसेल तर झाडं घ्या: कोणत्या झाडाची पानं कधी गळली, मोहोर कधी आला, फळ कधी धरलं. फुलपाखरं घ्या, पाण्याची पातळी घ्या. माझ्या गटातले एक गृहस्थ गेली सहा वर्षं एकाच झाडाचा, एकाच दगडावर उभं राहून, दर आठवड्याला एक फोटो काढतात. कॅमेऱ्याचं काय करायचं याचं उत्तर तुम्हाला इथे मिळेल. नाहीतर चालताना तो घरीच ठेवा. फोटो मिळवायच्या नादात पक्षी बघायचा राहतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

कानांबद्दल एक. वय वाढतं तसे बारीक, चढ्या पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. पक्षी गेले असं वाटतं, ते फांदीवर ओरडत असतात. शेजारचा तरुण ‘तो ऐका’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो! मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन नावाचं ॲप आहे, तेही कॉर्नेलचंच. जरूर वापरा. पण त्याने सुचवलेलं नाव खात्री झाल्याशिवाय यादीत घालू नका. चुकतं तेही.

आता गटाचं. तुम्ही लिहिलंय, ‘दुसऱ्या बैठकीत मी कामांची विभागणी, जबाबदार व्यक्ती आणि मुदती असा तक्ता तयार करून दिला. कोणी विरोध केला नाही, पण कोणी बोललंही नाही.’ वाचून हसू आलं, रागावू नका. मी याहून वाईट केलं होतं. गटात येऊन तीन महिने झाले नसतील, मी हजेरीचं पत्रक सुरू केलं, उशिरा येणाऱ्यांपुढे लाल खूण. महिन्याभरात तीन माणसं यायची थांबली. त्यातल्या एका बाईंना त्या भागातल्या प्रत्येक झाडाचं नाव ठाऊक होतं. त्यांच्याकडे जाऊन मी माफी मागितली. त्या प्रेमाने बोलल्या, पण परत आल्या नाहीत.

झालं काय होतं, ते मला नंतर उमगलं. नोकरीत माणूस ऐकतो कारण पगार, बढती, बदली यांची दोरी कोणाच्या तरी हातात असते. इथे दोरीच नाही. माणूस आपल्या खुशीने येतो आणि तितक्याच सहज येईनासा होतो. त्याच्यावर एकच गोष्ट चालते. तुम्ही त्याच्या शेजारी चिखलात किती वेळा उभे राहिलात, ती. तुमचा तक्ता बहुधा बरोबरच असेल. तो एक वर्ष लवकर आला, एवढंच.

तेव्हा पहिलं वर्षभर कुठलंही पद घेऊ नका, आणि सुचवण्याऐवजी विचारा. ‘हे असं का करता?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा कारण निघतं. आमच्याकडे कचरा नेहमी एकाच बाजूने का उचलतात, मला वेडेपणा वाटायचा. दुसऱ्या बाजूच्या झुडपांत पाणकोंबड्या घरटी करतात, हे विचारल्यावर कळलं.

काम मात्र घ्या, आणि असं घ्या जे कोणाला नको असतं. माझी शिफारस: रांगेत सगळ्यात शेवटी चालण्याचं काम. प्रत्येक गटाला असा एक माणूस लागतो. निघताना डोकी मोजायची, वळणावर कोणी चुकत नाही ना बघायचं, ज्याच्या बुटाची नाडी सुटली त्याच्यासाठी थांबायचं, प्रथमोपचाराची पिशवी जवळ ठेवायची आणि परत आल्यावर पुन्हा डोकी मोजायची. पुढे चालणाऱ्याला सगळे बघतात, शेवटच्याशी सगळे बोलतात. दमलेलं, नवं, एकटं माणूस आपोआप मागे पडतं आणि तुमच्या सोबतीला येतं. सहा महिन्यांत गटातल्या प्रत्येकाचं दुखणंखुपणं, नातवंडं आणि भांडणं तुम्हाला ठाऊक होतात. तुमच्या गुडघ्यालाही हा वेग मानवेल.

एक धोका सांगून ठेवते. काम नीट करणारा निवृत्त माणूस दिसला की चार समित्या दारात उभ्या राहतात. हिशेबातली म्हणून मला तर सगळीकडे खजिनदारच व्हायचं होतं म्हणे! एका वर्षी तीन ठिकाणचे हिशेब सांभाळत होते आणि तळ्यावर जायला वेळ नव्हता. आता पद घेतानाच सोडायची तारीख सांगते. ‘दोन वर्षं, आणि दुसऱ्या वर्षी माझ्यासोबत एकजण शिकेल.’ कोणाला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मध्येच सोडल्यावर.

घरचं शेवटी लिहितेय, महत्त्व कमी म्हणून नव्हे. तुमच्या निवृत्तीने तुमचा दिवस रिकामा झाला, पत्नीचा नाही. त्यांच्या दिवसाला त्यांची घडी आहे, मैत्रिणी आहेत, एकटीने शांत बसायची वेळ आहे, आणि तिच्यात अचानक एक साहेब येऊन उभे राहिलेत. त्यांना तुमच्या छंदात ओढायची घाई करू नका. ‘मंगळवारी सात ते नऊ मी घरात नसतो’ एवढी एक गोष्ट पक्की दिलीत तरी फरक पडेल. माझ्या घरी उलट होतं. नवरा आधी निवृत्त झाला, आणि मी कामावरून आले की दारातच दिवसभराच्या गोष्टी घेऊन उभा असायचा. त्याने भजनी मंडळ किंवा व्यायामशाळा काही धरली नाही, तर जुन्या सायकली दुरुस्त करायला लागला. त्यात मला ओ की ठो कळत नाही, आणि ते दोघांनाही सोयीचं आहे.

दुर्बिणीचं राहिलं. तुमच्याकडे 8×42 आहे असं लिहिलंय, म्हणजे वस्तू उत्तम आहे. आठ पट मोठं दिसतं, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची. 42 भागिले 8 म्हणजे सव्वापाच मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. आपल्या वयात बाहुली अंधारातही फारशी याहून मोठी होत नाही, त्यामुळे मोठ्या भिंगांची दुर्बीण घेऊन मानेवरचं ओझं तेवढं वाढेल. बारा पट वगैरेच्या नादाला लागू नका, हात थरथरतो ते बारा पटीने दिसतं. धूसर दिसण्याचं कारण बहुधा वेगळंच आहे. चष्मा लावून बघत असाल तर डोळ्यांकडची रबरी कडी फिरवून पूर्ण आत बसवा, चष्म्याशिवाय बघत असाल तर बाहेर काढा. मग उजवं भिंग झाकून लांबची एखादी पाटी फक्त डाव्या डोळ्याने बघा आणि मधल्या मोठ्या चक्राने ती स्पष्ट करा. आता डावं झाका, मधल्या चक्राला हात न लावता उजव्या डोळ्याजवळचं छोटं चक्र फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ते छोटं चक्र कुठे थांबलं ते बघून ठेवा, ते तुमच्या डोळ्यांचं माप, ते पुन्हा हलवायचं नाही. कोणी दुर्बीण बघायला मागितली की ते हमखास फिरवतात, तेवढं तपासत जा.